सत्तावन्न दात

वारा नैर्ऋत्येचा, चांगला, भरलेला,
तरी पवनचक्की कुरकुरत होती.
मध्येच: टक्.
ऊबेलेने पिठाळ हात कानामागे नेला.
"चित्स्के, ऐक. तोच."
नको असलेला पाहुणा पावलांवरून ओळखावा
तसं म्हणाला.

फ्रिसलंडमध्ये, कालव्याच्या काठी, मी सुतारकाम शिकत होते.
वर मोठं चाक,
हॉर्नबीमच्या लाकडाचे सत्तावन्न दात, मेण चोळलेले.
त्यात अडकून फिरणारा छोटा पिंजरा, एकोणीस दांड्यांचा.
"माझ्या बापाने बसवलंय," तो सांगायचा, "विचार करून.
सत्तावन्न ही मूळ संख्या. कुणाच्या पाढ्यात नाही.
म्हणून कुठल्या दाताला
कुठल्या दांडीची सवय लागत नाही."

मी खडू घेऊन वर चढले,
एकेका दाताला आकडा दिला.
झिजलेले तीनच निघाले:
सात. सव्वीस. पंचेचाळीस.
बाकीचे धडधाकट.

खाली आले नाही. तिथेच बसून वजा करत राहिले.
सव्विसातून सात गेले, एकोणीस.
पंचेचाळिसातून सव्वीस गेले, एकोणीस.
मग पाढा आपोआप तोंडात आला,
एकोणीस एके एकोणीस,
एकोणीस दुणे अडतीस,
एकोणीस त्रिक

खाली म्हातारा शीळ घालत गोणी शिवत होता.

सत्तावन्न दिसतं एकटं, कुणात न मिसळणारं.
सम नाही, शेवटी पाच नाही की शून्य नाही.
पण पाच आणि सात बारा,
आणि बारा म्हटलं की तीन आलाच,
तीन आला तर त्याच्या मागून एकोणीस.
सातव्या दांडीच्या लाकडात एक गाठ होती.
साठ वर्षं ती गाठ
त्याच तीन दातांना चावत होती.
उरलेल्या चोपन्नांचं तिने
तोंडही पाहिलं नव्हतं.

सांगितलं तेव्हा त्याने आधी पाव संपवला.
"बाप चुकला म्हणतेस?"
"मोजायला नाही चुकला. तीनने भागून पाहिलं नाही, एवढंच."
"एकावन्न?"
"सतरा त्रिक."
"एक्क्याण्णव तरी?"
"तेरा सत्ते."
म्हातारा चिडला. एक्क्याण्णववर त्याचा फार जीव होता.

नव्या चाकाला अठ्ठावन्न दातही चालले असते,
एकोणिसाशी अठ्ठावन्नाचं काही नातं नाही.
पण तो हट्टाला पेटला: मूळ म्हणजे मूळ,
आणि या वेळी डोळ्यांदेखत.
टेबलावर एकसष्ट सुके वाटाणे ओतले.
दोन-दोनच्या जोड्या लावल्या, एक उरला.
तीन-तीनच्या, एक उरला.
"चार?" दोनच बसत नाहीत, चार कुठून बसतील.
पाच-पाचच्या, पुन्हा एक.
सात-सातच्या आठ रांगा, आणि पाच उनाड.
त्याने अकराची रांग मांडायला घेतली,
मी हात धरला.
आठी आठी चौसष्ट. आपण एकसष्टच्या पुढे गेलो.
आठाहून मोठा अवयव घरात असता
तर त्याचा धाकटा जोडीदार
आधीच दाराशी सापडला असता.
तो वाटाण्यांकडे बघत राहिला बराच वेळ.
मग ते सगळे गोळा करून सूपात टाकले.

वसंतात चाक चढलं. पहिल्या दाताला कोळशाची खूण,
पहिल्या दांडीला कोळशाची खूण.
पुन्हा समोरासमोर यायला अकराशे एकोणसाठ टक्करी,
म्हणजे चाकाचे पुरते एकोणीस फेरे.
ऊबेले बोटं मोडत उभा.
अठराव्याला मला वाटलं मीच चुकले.
एकोणिसाव्याला काळं काळ्याला भिडलं.

गाठीची दांडी बदलूया म्हटलं,
तर नको म्हणाला.
"राहू दे. आता चावेल सगळ्यांना, थोडं थोडं."

तुळईवर बापाचं नाव होतं, खाली ५७.
त्याने खोडलं नाही.
शेजारी चाकूने कोरलं, बारीक अक्षरात,
३ × १९,
आणि चाकू पुसून पोती भरायला गेला.