सभ्य खेळ

गोल करणं माझं काम नव्हतं.
माझं काम एकच,
लोबो सरांनी खडकीच्या मुरमावर
स्टिकच्या टोकानं रेघ मारून सांगितलेलं :
"सेल्वाला जो हात लावेल
त्याला पुढच्या दहा मिनिटांत तू भेटायचं.
बॉल भलतीकडे असला तरी चालेल."

सेल्वा मुदलियार.
बावन्न किलो, गुडघे कोंबडीचे.
पण पाच जणांमधून तो निघून जायचा
आणि धूळ नंतर उठायची.

असल्या पोराला मारतातच.
पंच बघत नसला की नडगीवर,
बघत असला की चुकून लागल्यासारखं घोट्यावर,
आणि वर "सॉरी हं" म्हणून.

मी भेटत गेलो.
देहूरोडच्या फुलबॅकला कोपरानं,
रेंजहिल्सच्या दोघा भावांना एकदमच,
दापोडीच्या बाबू गुंजाळला तर
तीन हंगाम, बँकेचा हप्ता भरावा तसा.
त्याच्या खांद्याचं हाड माझ्या खात्यावर,
माझे पुढचे दोन दात त्याच्या.
पेपरात माझं नाव एकदाच आलं, तेही चुकीचं छापलेलं,
आणि पुढे "यास मैदानाबाहेर काढण्यात आले".
आईनं ते कात्रण तरीही डब्यात ठेवलं.

सेल्वाला यातलं काही माहीत नव्हतं.
तो पुढं बघायचा.
मागं कोण पडलं, कशावर पडलं,
तो आवाज टाळ्यांत जायचा.

मग तो गेला. रेल्वेत नोकरी,
निळी जर्सी, विमानं.
मी दारूगोळ्याच्या फॅक्टरीत
एकतीस वर्षं पेट्या मोजल्या.
थंडीत अजून डावा गुडघा आधी जागा होतो,
मग मी.

परवा नेहरूनगरला त्याचा सत्कार झाला.
टर्फवर पाणी मारलेलं,
पोरं शिनगार्ड बांधून रांगेत.
शाल, नारळ, पगडी,
पगडी कानांपर्यंत आलेली.
माईक हातात धरून म्हणाला :
"पुढं जालंधरला, दिल्लीला फार मार खाल्ला मी.
पुण्यात मात्र माझ्या अंगाला
कधी कुणी हात लावला नाही.
पुण्याचा खेळच सभ्य होता."

टाळ्या.

शेवटच्या रांगेत, माझ्या शेजारी
बाबू गुंजाळ होता.
एक खांदा अजून खाली.
तो हसायला लागला, आवाज न करता,
प्लॅस्टिकची खुर्ची करकरेपर्यंत.
मग मीही, तोंडावर रुमाल धरून,
कवळी सांभाळत.
पुढच्या रांगेतल्या बाईंनी वळून बघितलं.

बाबूनं खिशातून पुडी काढली,
खारे दाणे माझ्या तळहातावर ओतले
आणि कानाशी येऊन विचारलं,
"काय सभ्य माणसा,
चावतात का?"