निळ्यापासून लालपर्यंत

मे महिना, त्रेचाळीस डिग्री,
अक्कलकोट रोडवरचा माझा पत्रा.
शिवलीलाबाई हत्तुरे गाडी घेऊन आल्या
आणि म्हणाल्या, हीटर चालत नाही.

पंक्चरवाला उस्मान हसत हसत टायरवरच बसला.
मी म्हणालो, बाई, सोलापुरात हीटर?
काचा खाली करा की ओ, झालं.
त्या हसल्या नाहीत.
तीस वर्षं गणित शिकवलेला आवाज:
वापरीन, न वापरीन. गाडीत आहे ना?
मग चाललं पाहिजे.

बसलो उघडायला.
तिन्ही बटणं आधी, दुधाच्या दातासारखी
जरा हलवून, मग ओढून.
मग ॲश-ट्रेमागचे दोन स्क्रू,
हाताला सापडूच नयेत असे लावलेले.
स्क्रूड्रायव्हरला फडकं गुंडाळून
पॅनेल चारी बाजूंनी उचकत गेलो.
टक्. टक्.
तिसरी क्लिप तुटली. बाई तेव्हा चहा पीत होत्या.

निघेल ते मी चादरीवर मांडतो.
नानांच्या मागावरची चादर, मोरांची रांग,
एका मोराला मान नाही.
धागा तुटला तेव्हा, म्हणून शेठनं घेतली नाही.
पहिला स्क्रू पहिल्या मोराच्या पायाशी,
दुसरा दुसऱ्याच्या.
परत जायची वाट अशी राखून ठेवायची.

आत दिवा जळून काळा.
निळ्यापासून लालपर्यंतची दांडी सरकत होती छान,
तिच्यामागं मात्र काही नव्हतं.
केबल आकड्यातून निसटलेली.
किती हिवाळे कुणी ती लालकडे ढकलली असेल
आणि आत काही हललं नसेल.

नाना मागाच्या खडखडाटावरून तेलुगूत ओरडायचे,
आधी दुसरं टोक शोध, गाठ नंतर.
कोपरापर्यंत हात डॅशबोर्डच्या पोटात घालून
डोळे मिटून बोटांनी बघत राहिलो.
टोक सापडलं. सोबत अक्रोडाचं अर्धं कवच.
हे कवच चढलं कुठल्या गावाला,
गाडीचा आधीचा मालक कोण,
विचारायचं राहिलं.

इंजिन तापवलं, काचा वर केल्या.
दांडी बाईंनीच ढकलली.
जाळीतून आधी धूळ, मग नुसता वारा,
मग चुलीपुढं बसल्यासारखं.
चष्मा घामानं भरला, पण हात जाळीवरून हलेना.
"आलं," म्हणाल्या,
फळ्यावरचं उत्तर जुळावं तसं.

दार उघडून बाहेर आलो
तर दुपारचं ऊन गार लागलं.

चादर झटकायला घेतली तेव्हा दिसला
मान नसलेल्या मोरापाशी एक स्क्रू.
गाडी तोवर सात रस्त्याला पोचली असणार.
उद्या फोन करीन.