पोकळी वजा

अध्यक्ष म्हणाले, दुबईसारखं करा.
ठरावात तसंच उतरलं, विषय क्रमांक अकरा:
यावल नगरपरिषद, मुलामुलींसाठी अभ्यासिका,
दर्शनी बाजू निळ्या काचेची.

मी कनिष्ठ अभियंता. काच मी काढली.
संगणकाच्या पडद्यावर ती फार थंड दिसत होती.
बाहेर शेहेचाळीस. केळीची पानं कडांनी करपलेली,
आणि चौकात टायरवाला
दुकानाच्या शटरला फडक्यानं धरून उघडत होता.

सुभान तडवी, गवंडी.
अकरा वर्षं शारजात.
काचेच्या मनोऱ्यांवर नाही,
मनोऱ्यांच्या सावलीत उरलेल्या जुन्या मोहल्ल्यात,
समुद्रातून काढलेल्या पोवळ्याच्या भिंती
पुन्हा लिंपत.
"अनरशासारखा जाळीदार दगड, मॅडम.
हातात घेतला का वजनच नाही."

त्यानं माझा नकाशा पालथा घातला.
मागच्या कोऱ्या बाजूला कोळशानं चौकोन काढला,
चौकोनात फुली,
आणि सगळं उभं ओढत नेलं कागद संपेपर्यंत.
"बारजील. चार तोंडं.
वारा कोन्या बी दिशेनं येवो,
फुलीवर आपटते अन् खाली उतरते.
हे बी दुबईच हाये."

इथला वारा तापलेला असतो, मी म्हटलं.
"मंग तठी काय बर्फ पडते?"

मग जरा थांबून:
"आपल्या धाब्याच्या घराले साणं राहते ना,
धूर जायाले?
त्याले फक्त उभं करा.
त्याले सांगा, आता धूर नको, वारा आन."

खांब आणि तुळया माझ्या, भूकंपाच्या नियमाने.
स्लॅबवर वीतभर खारी माती त्याची.
मनोऱ्यातून आरपार सागाच्या बल्ल्या;
वनखात्याचा पास यायला तीन आठवडे.
नगरसेवकांनी विचारलं, या काड्या बाहेर कशाला,
काम अर्धवट वाटतं.
"पुढच्या गवंड्याले चढायले," सुभान म्हणाला,
आणि तंबाखू मळत राहिला.

निळी काच आम्ही ठेवली, एकच,
उत्तरेला, जिथं ऊन पोचत नाही.
उद्घाटनाचा फोटो तिच्यासमोर झाला.

मग मोजमाप पुस्तिका.
वीटकाम घनमीटरमध्ये,
गिलावा चौरस मीटरमध्ये,
बल्ल्या नगावर.
दरसूची मी दोनदा चाळली.
वाऱ्याला दर नाही.
नियम असा की भिंतीत जिथं भिंत नाही
तेवढं माप वजा करायचं.
मी लिहिलं:
वजा पोकळी, दोन गुणिले दोन गुणिले नऊ,
छत्तीस घनमीटर.

सुभाननं बिल वाचलं,
बोट त्या ओळीवर ठेवलं.
"मॅडम, भिंती तर कोन्ही बी बांधते.
मी पोकळीच बांधली होती."
रागानं नाही. हसतच म्हणाला.
सही केली, खाली तारीख घातली,
चष्मा काढून खिशात ठेवला.

आता मे आहे.
दुपारी तीनला मी तपासणीच्या नावाखाली जाते.
वनरक्षकाच्या परीक्षेला बसलेली सुनकी पावरा
मनोऱ्याच्या बरोबर खाली बसते,
तिची ती जागा ठरलेली.
मनोऱ्याच्या तळाशी केळीच्या सोपटाची चटई टांगलेली,
तापीकाठच्या शेतातून फुकट आणलेली.
ती सुकली की सुनकी न बोलता उठते,
तांब्याभर पाणी मारते,
परत बसते.

थंड नाही म्हणता येणार.
मानेवरचा घाम एवढंच समजतो
की कुणीतरी आलंय.

कबुतरांसाठी जाळी बसवायची राहिली आहे.
एका तोंडासमोर वीज कंपनीनं डांब रोवलाय,
त्यावर माझी तीन पत्रं गेली.

सुनकीनं पेन ठेवून डोळे चोळले.
वहीचं पान आपोआप उलटलं.
तिनं ते परत लावलं, वर खोडरबर ठेवलं.
पान खोडरबरासकट हललं.

मी पुस्तिका उघडून पाहिली, ती ओळ तशीच आहे,
माझ्याच अक्षरात,
वजा.