जड फ्रेंच

कोरोतिमीच्या अंगणात, कडुनिंबाखाली,
लाल ज्वारीची बिअर या तुंब्यातून त्या तुंब्यात फिरते
आणि दिवस कलला की आमचा एकच धंदा:
बोबो शहरात कोणाचं फ्रेंच किती चांगलं.

आमदाराचं जड. इथे असंच म्हणतात, जड फ्रेंच,
म्हणजे ऐकणाऱ्याने हमालासारखं वाकावं
आणि घरी जाऊन पाठ शेकत बसावं.
त्याच्या वाक्यात क्रियापद येईस्तोवर
मागच्या सभेतून दोन म्हातारे उठून गेले,
एक नमाजाला, दुसरा कायमचा.
असं दोफिनी सांगतो. दोफिनी खोटं बोलतो,
पण व्याकरण सांभाळून.

शिपाई बाकारीला नुसता आज्ञार्थ येतो.
थांब. उतर. उघड. दाखव.
बायकोलाही त्याने अशीच मागणी घातली असणार.
पॅरिसात अकरा महिने काढून आलेला युर्बेन
घशातून असा र काढतो
की शेजारचा माणूस पाणी पुढे करतो.
आणि सिए मेकॅनिक, त्याला सुटे भाग तेवढे येतात.
लियोंच्या इंजिनियरची गाडी बानफोराच्या वाटेवर बसली तेव्हा
गास्केट, फिल्टर, बेल्ट, पैसे,
एकही वाक्य न जोडता त्याने गाडी जोडून दिली.

मी निकाल देतो. तो मान माझाच.
एकतीस वर्षं पाचवीला श्रुतलेखन घातलंय.
लाल पेन आता खिशात नसतं, कानात असतं.
सख्ख्या भावाच्या मयताला वहिनी हंबरडा फोडत होती
आणि मी तिच्या विशेषणांचं लिंग तपासत होतो.
देवाने ते पाहिलं असेल.

कोरोतिमी या यादीत कधीच नव्हती.
ती जुलात बोलते, उधारी कोळशाने भिंतीवर मांडते,
आणि आमचं जड फ्रेंच
तुंबे विसळून सांडतं त्या पाण्यासारखं
पायाशी वाहू देते.

त्या दिवशी कराचा माणूस आला. कडक कॉलर, पाठीशी पोऱ्या.
तीन वर्षांची थकबाकी, दंड, कलम अमुक तमुक,
सगळं तिच्या डोक्यावरून जाईल अशा बेताने, उंचावरून.
तिने ओले हात पदराला पुसले आणि म्हणाली,
फ्रेंचमध्ये म्हणाली,
"आपण आधी कळवलं असतंत,
तर आम्ही खुर्ची पुसून ठेवली असती."

अंगणात खुर्ची नाहीच. बाकं आहेत, तीही डुगडुगणारी.
पण तो माणूस इकडेतिकडे पाहू लागला,
जणू खुर्ची होती आणि चूक त्याची होती,
आणि कागद घडी घालून पुढच्या गल्लीत गेला.

तेव्हापासून आमच्यात वाद उरला नाही.
एकच वाक्य, आणि तेही सहा वर्षांपूर्वी.
दोफिनी म्हणतो, नोटरीसुद्धा असं संकेतार्थी रूप लावत नाही.
युर्बेन म्हणतो, उच्चार थेट राजधानीचा.
दुसरं वाक्य काढायला लोकांनी किती बिअर प्यायली,
ती फक्त ओतते, आणि भिंतीवर रेघ मारते.

मी गप्प असतो.
कारण ते वाक्य माझं आहे. धडा चौदावा.
दर वर्षी तीनदा सावकाश वाचायचो, स्वल्पविरामासकट.
आणि शेवटच्या दोन शब्दांच्या मधे
तिने एक त उच्चारला,
दातात अडकलेल्या दाण्याएवढा,
जो तिथे नसतो. कोणत्याच पुस्तकात नसतो.
तो माझा त.
एकतीस वर्षं, चाळीस चाळीस पोरांच्या कानात
मी तो पेरत आलो, आणि मला पत्ता नाही.
पोरं बहुधा विसरली. तिने जपला.

आठवतं, खिडकीखाली खराटा चालायचा,
चौदाव्या धड्यापाशी थांबायचा.
शाळा झाडणारी पोर, वय असेल नऊ-दहा.
मी खिडकी लावून घेतली होती,
धूळ येते म्हणून.

परवा तुंबा भरताना तिने माझ्याकडे पाहिलं,
जरा जास्त वेळ.
मास्तर, अजून थोडी? जुलात विचारलं.
मी हो म्हटलं, जुलातच.
त्या त-चं काय करायचं
ते मी अजून ठरवलेलं नाही.