यमू वरच आहे

जूनमध्ये रुवीत
थंड पाण्याच्या नळाला कढत पाणी येतं.
गच्चीवरची टाकी दिवसभर तापत राहते,
म्हणून इथले जुने लोक गीझर बंद ठेवतात
आणि त्यातलं पाणी थंड म्हणून वापरतात.
मला मात्र तो नळच हवा असतो.
पहाटे चार वीसला दोन्ही हात त्याच्याखाली धरते.
बोटं एकेक करून सुटी होतात,
करंगळी शेवटी.
ती नेहमीच शेवटी.

मग अर्धी शिळी पोळी, तिच्यावर गोळी,
आणि बावीस मिनिटं.
पंचवीस करून पाहिली होती.
तेविसाव्या मिनिटाला मनगट
घरमालकासारखं दारात येऊन उभं राहतं.

पेनावर एसीच्या पाइपाचा काळा फोम चढवलाय,
जाडजूड, धरायला सोपा.
खालच्या गाळ्यातल्या हमीदने कापून दिला.
कशासाठी, ते विचारलं नाही,
माझ्या हातांकडे एकदा बघितलं
आणि आणखी एक तुकडा कापला.

पहिलं वर्ष नियम करण्यातच गेलं.
रोज एक पान, असं भिंतीवर लिहिलं होतं.
श्रीरंगने भिंत रंगवली
तेव्हा सुटका झाल्यासारखं वाटलं.
आता वहीत नुसती तारीख घालते.
हात चालले तर तिच्याखाली गोष्ट,
नाही चालले तर दोन शब्द: आज नाही.
दुकानदार उधारी मांडतो तसे.
मांडलं म्हणजे खातं चालू आहे.

गोष्टीत यमू शेलार आहे,
कोयनेकडची, विजेच्या खांबांवर चढणारी.
मला न जमणारं सगळं मी तिला देऊन टाकलं:
बरण्यांची झाकणं, चादरी पिळणं,
साडीच्या निऱ्या एका हाताने.
तिला कुठेच काही दुखत नाही.
कधी कधी तिचं तोंड बघावंसं वाटत नाही.

मार्चमध्ये, तिसऱ्या प्रकरणात,
ती कमरेला पट्टा बांधून खांबावर चढली
आणि त्याच रात्री माझे हात सुजले.
अकरा दिवस.
वेणी श्रीरंगने घातली, वाकडी.
ऑफिसात खुलूदने माझ्या डब्याचं झाकण उघडून ठेवलं,
माझ्या वाट्याचे स्टॉकचे आकडेही टाइप केले,
आणि बोलली ते सगळं तिच्या भावाच्या लग्नाबद्दल.
वहीत अकरा वेळा आज नाही.
यमू वर.

बाराव्या पहाटे ठरवलं, आधी तिला खाली आणू.
ती उतरेना.
पट्ट्यात मागे रेलून आरामात बसली होती,
आणि इतके दिवस बसल्यावर माणसाला दिसतं तसं
तिला दिसायला लागलं होतं:
शाळेच्या पत्र्यावर अडकलेला चेंडू,
कुणाच्या परड्यात वाळत पडलेल्या मिरच्या,
आणि एका घराच्या मागच्या दारी
बराच वेळ नुसती उभी असलेली बाई.
ही बाई माझ्या आराखड्यात नव्हती.
ती कोण, ते मला आजही नीट माहीत नाही.

बावीस मिनिटांत चार ओळी झाल्या.
एक खोडली.

खुलूद म्हणते, दुखण्यामुळेच तुला लिहिता येत असेल.
नाही गं, म्हटलं.
दुखण्यातून दुखणंच येतं.
हे हात धड असते
तर ही कादंबरी एव्हाना छापून
रद्दीतसुद्धा गेली असती.
ती हसली, आणि काहवा ओतताना
माझा कप अर्धाच भरला,
मला उचलता यावा म्हणून.

काल पुन्हा आज नाही.
डाव्या हाताने लिहिलं,
अक्षर पहिलीतल्या पोरीसारखं आलं.
समोरच्या बोडक्या डोंगरावर उजाडत होतं,
अजान संपून एसीची घरघर परत ऐकू यायला लागली होती.
वही मिटायच्या आधी यमूला विचारलं,
पट्टा घट्ट आहे ना?
मग बस.
त्या बाईवर लक्ष ठेव.
आत गेली, तर कुठल्या खोलीत दिवा लागतो
तेवढं बघून ठेव.