उष्ट्याचं वजन

चौदा नंबर पोटभर जेवलाय.
एफिझियाने पाहिलं सकाळी :
वाटी चाटूनपुसून लख्ख केली, मिशा धुतल्या,
आणि भुश्शात अंग मुडपून झोपला.

साडेदहाला सुई.
पोटात एक थेंब औषध, मग वीस मिनिटं वाट.
खिडकीबाहेर काल्यारीचा वारा
मिठागरांतलं पाणी एका कडेला लोटतोय.
रोहित पक्षी वाऱ्याकडे तोंड करून, एकेका पायावर.

मग तो उठतो.
पोटात एकही कावळा ओरडत नाही, तरी
पुढच्या दोन्ही पंजांत बिस्किट धरून
खात सुटतो, जसा काही आठवड्याचा उपाशी.

भूक लागते म्हणतात.
ही लावलेली.

डोळ्यांमागे कुठेतरी, तांदळाच्या दाण्याहून लहान जागेत,
एक पेशी शेजारणीला सांगत असते :
गोड आहे, अजून गोड आहे.

पंधरा नंबरला आधी दुसरी सुई, मग हीच.
त्या दुसऱ्या औषधाचं काम एवढंच :
निरोप्याच्या खुर्चीवर जाऊन बसायचं
आणि अवाक्षर बोलायचं नाही.
खरा निरोप्या उंबऱ्यात ताटकळत.
पंधरा नंबर बिस्किट हुंगतो, एकदा कुरतडतो,
पाठ फिरवतो.
बिस्किट तेच, दात तेच.

एफिझिया चिमट्याने चुरा वेचते.
सांडलेलं खाल्ल्यात धरायचं नाही.
चौदा : शिल्लक शून्य पूर्णांक चार ग्रॅम.
पंधरा : जवळजवळ सगळंच.

संध्याकाळी घरी वडील.
बाकीझिओ, एकेचाळीस वर्षं मिठागरात फावडं मारलेला माणूस,
कार्निव्हल झाल्यापासून ताटाकडे बघत नव्हता.
डॉक्टरांनी थेंब दिलेत. आज चौथा दिवस.

तिने घड्याळ बघायचं नाही असं ठरवलं होतं.
बघितलंच. बावीस मिनिटं.

त्याने पाव रश्शात बुडवला.
आणखी एक मागितला.
हनुवटीवरून ओघळ आला तर हसला,
म्हणाला, तुझ्या आईनंतर
आज पहिल्यांदा मीठ बरोबर पडलंय.

ती काही बोलली नाही.
ताट उचलताना हात सवयीने तोलू लागला,
लिहायला वही नव्हती.
ओट्याशी उभी राहून
त्याचा उरलेला घास तिने तोंडात टाकला.

अळणी.
डॉक्टरांनी मीठ बंद केलंय, मार्चपासून.