मापवही

छावणीतल्या माझ्या दुकानात मापवह्या अकरा.
चौथीत, बँडवाल्यांच्या लाल कोटांखाली,
वडिलांच्या अक्षरात:
फादर इनास रुमाव. छाती चौतीस.
उजवा खांदा अर्धा इंच खाली.
लांबी बेताची, सायकल चालवतात.

वसईचा माणूस. झाबुआकडच्या फळ्यांवर
औषधांची पेटी खांद्याला लावून हिंडायचा,
म्हणून तो खांदा.
महिन्या-दोन महिन्यांनी इंदूरला यायचा, खिसा उसवून.
खिशात व्हॉल्व्ह ट्यूब, कुनैनच्या गोळ्या,
एकदा कोंबडीचं पिल्लू, जिवंत.
वडील म्हणाले, फादर, हा झगा आहे, खुराडं नाही.
तो हसला आणि बसलाच.
म्हणाला, कचेरीत हिंदी, पत्रात इंग्रजी, फळ्यावर भिली;
आईची भाषा तेवढी गंजत चाललीय.
मशीनला घालता तसे दोन थेंब घाला.

सातव्या वहीत तो बिशप झाला,
म्हणजे ते झाले.
मी तेव्हा काजं करायचो. तेहतीस बटणं, तेहतीस काजं.
त्या जांभळ्याचा धागा सियागंजात मिळेना,
शेवटी महेश्वरच्या एका विणकराकडून आणला.
सोबतचे फादर म्हणाले, पायघोळ हवा, जमिनीपर्यंत.
बिशप गप्प.
फादर गाडीकडे वळले तसे हळूच म्हणाले,
शिवा तेवढा. पण दोन इंच आत दुमडून टाका.
कापू नका.
माझ्यानंतर कोणी उंच आला तर.

आठवीत छाती अडतीस, कंबर त्रेचाळीस.
उद्घाटनं, जेवणावळी, कातरीने कापलेल्या फिती.

नववीत एका पानावर नुसती तारीख.
त्या दिवशी शाळेच्या जमिनीवरून
त्यांचीच माणसं बंगल्यासमोर घोषणा देत होती.
ते मागच्या दाराने निघून चालत आले, माप द्यायला म्हणे.
मी टेप गळ्यात घालून उभा.
म्हणाले, मी सही करायला नको होती.
कसली, ते मी विचारलं नाही.
चहावर साय धरली. कोणी प्यायलं नाही.

पंच्याहत्तरी झाली की रोमला राजीनामा लिहायचा,
त्यांच्यात नियमच आहे.
लिहिला.
दहाव्या वहीत छाती परत चौतीस,
पत्ता मेघनगरजवळचा,
खांदा तसाच.

आज नवे बिशप आले. केरळचे, ताडासारखे.
पिशवीतून तोच झगा काढला.
नवीन कशाला, हाच होतो का बघा.
मी शिवण उसवली. माझ्याच हातचे टाके,
कच्चे घातले होते मुद्दाम, तरी सुटेनात.
बाहेरचं कापड वाळल्या वांग्याच्या सालीसारखं,
आतले दोन इंच
कालच रंगातून काढल्यासारखे.
दुमडीतून लाल माती सांडली टेबलावर,
आणि मक्याचा एक दाणा.

पट्टा दिसेल साहेब, मी म्हणालो.
दिखने दो, ते म्हणाले.

मग टेप लावला. अकरावी वही, कोरं पान.
लांबी एकसष्ट.
दोन्ही खांदे सारखे,
अजून.